मच्छीमार संस्थेच्या रजिस्टरात आपलं नाव आहे का?



या महिन्याचा अभ्यास पाठ मासेमारीवर आहे. आपल्या संघातल्या सगळ्याच गटांत मासे धरणाऱ्या किंवा विकणाऱ्या महिला नाहीत, हे मला माहीत आहे. तरी पाठ सगळ्यांनी वाचावा. कारण असं की, ज्या गावात तलाव आहे त्या गावात गटाचा पैसा तलावात असतोच. कुणी जाळं घ्यायला अंतर्गत कर्ज घेतलं, कुणी बोटुकली सोडायला घेतलं, कुणी बाजारात मासे घेऊन बसायला भांडवल म्हणून घेतलं. तलाव एप्रिलमध्ये कोरडा पडला की हप्ता थकतो आणि मग बैठकीत त्या ताईकडे सगळ्याजणी बघतात. पण तलाव कोरडा का पडला, पाणी किती सोडायचं हे कुणी ठरवलं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तर आजचा विषय तोच. मासेमारीचे निर्णय कोण घेतं, आणि ते घेताना आपण कुठे असतो?

आधी थोडी मागची गोष्ट. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या पट्ट्यात हजारो जुने तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. या नावात कुणाचा मामा नाही बरं! माजी मालगुजारी, त्याचं तोंडात बसलेलं रूप मामा. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीपासून हे तलाव बांधले गेले. तलाव बांधण्यात कोहळी समाज निष्णात होता, आणि तलावात मासे धरणं, शिंगाडा लावणं हे ढिवर, भोई, केवट समाजाचं काम. तेव्हा कुणाला मासे धरू द्यायचे हे मालगुजार ठरवायचा. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या, मग बरेच तलाव त्यांच्याकडे गेले. म्हणजे आधी एका माणसाच्या वाड्यावर जाऊन हात जोडावे लागायचे, आता तीन-चार कार्यालयं झाली.

आज गावातल्या एका तलावाचा हिशोब बघा. पाळ आणि गेट एका विभागाकडे. मासेमारीचा ठेका तलाव कुणाचा आहे त्यावर ठरतो: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा मत्स्यव्यवसाय विभाग. ठेका घेणारी मच्छीमार सहकारी संस्था. ती संस्था सहकार कायद्याखाली, म्हणजे तिच्यावर निबंधक. तलाव जंगलात असेल तर वन विभाग आलाच. इतक्या जणांच्या हातात दोऱ्या, आणि मासे विकणारी बाई यांतल्या एकाही ठिकाणी बसलेली नसते.

माझ्या भागातल्या एका गावात मी गटाच्या बैठकीत विचारलं, "संस्थेच्या आमसभेला तुमच्यापैकी कोण जातं?" सगळ्या हसल्या. एक काकू म्हणाल्या, "आमाले काहून बोलावतीन? तिथं मच्छीमार जाते." मी म्हटलं, "मग तुम्ही कोण?" काकू म्हणाल्या, "आमी तं मासे विकतो."

या एका वाक्यात सगळा पाठ आहे, म्हणून यावर थोडं थांबू.

पहाटे नवरा जाळं टाकतो हे खरं. पण जाळं विणणं, फाटलेलं जाळं दुरुस्त करणं, मासे निवडणं, लहान-मोठे वेगळे करणं, साफ करणं, वाळवणं, घमेलं डोक्यावर घेऊन आठवडी बाजारात बसणं, उधारी वसूल करणं, आणि उरलेल्या पैशातून घर चालवणं हे कोण करतं? बऱ्याच घरांत बाई स्वतः उथळ पाण्यात उतरून लहान मासे, झिंगे धरते. तरी "मच्छीमार" म्हटलं की आपल्याही डोळ्यांसमोर डोंग्यावर उभा असलेला पुरुषच येतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना आहे, तिने २०१४मध्ये लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांत मासे धरण्याआधीचं काम, धरणं आणि धरल्यानंतरचं काम, सगळ्यालाच मासेमारी मानलं आहे, मग ते पुरुष करो की बाई. त्याच संघटनेच्या अहवालांप्रमाणे, आधीचं आणि नंतरचं काम धरलं तर जगभर या व्यवसायात राबणारे जवळपास निम्मे हात बायकांचे आहेत. मी काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "निमे? आमच्या घरी तं जास्तच असतीन."

आता कायद्याकडे येऊ. घाबरू नका, कलमं दोन-तीनच आहेत.

मच्छीमार संस्था ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते. या कायद्यात संस्थेच्या संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, कलम ७३ क. आपल्याला वाटेल, झालं की मग काम! पण कलम नीट वाचा. ज्या संस्थेत महिला सभासद आहेत, त्या संस्थेसाठी या जागा आहेत. ज्या संस्थेच्या रजिस्टरात एकही बाई सभासद नाही तिथे निवडणुकीला उभी कोण राहणार? म्हणजे खुर्ची आहे, पण खुर्चीपर्यंतचा रस्ता रजिस्टरातून जातो.

आणि जिथे दोन नावं असतात तिथे काय होतं तेही मी बघितलं आहे. अध्यक्षांची पत्नी आणि सचिवांची वहिनी. रजिस्टर घरी येतं, सही होते, रजिस्टर परत जातं. त्या ताईंना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना बैठकीची सूचनाच मिळत नाही. आपण ग्रामपंचायतीत हे सुरुवातीच्या वर्षांत पाहिलंच आहे. तिथे हळूहळू फरक पडला, कारण गटाच्या महिला ग्रामसभेला जाऊ लागल्या आणि निवडून आलेल्या बाईला मागून बळ मिळालं. मच्छीमार संस्थेत मागे बसायला इतर महिला सभासदच नाहीत, मग ती दोघींच्या बळावर किती बोलणार? माझं मत विचाराल तर दोन राखीव जागांपेक्षा तीस साध्या महिला सभासद जास्त मोलाच्या. तीस मतं असली की खुर्चीवर कुणीही बसो, त्याला तुमचं ऐकावं लागतं.

काहीजणी म्हणतात, मग महिलांची वेगळी संस्थाच काढू. कायद्याने वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणी लागतात. काढता येते, काही ठिकाणी काढलीही आहे. पण तलाव एकच असतो. ठेका जुन्या संस्थेकडे असेल तर नव्या संस्थेच्या हातात शिक्का येतो, पाणी येत नाही. म्हणून आधी जुन्या संस्थेचं दार वाजवावं असं मला वाटतं. गावाची परिस्थिती बघून तुम्ही ठरवा.

सभासद कसं व्हायचं? सर्वांत आधी संस्थेचे पोटनियम मिळवा. पोटनियमात लिहिलेलं असतं की सभासद कोण होऊ शकतो, कार्यक्षेत्र कोणतं, भागाची रक्कम आणि प्रवेश फी किती. "मच्छीमार" या शब्दाची व्याख्या तिथे काय केली आहे ते बोट ठेवून वाचा. विक्री, जाळं विणणं हे त्यात असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर आपण प्रत्यक्ष पाण्यात उतरून मासे धरतो, शिंगाडा काढतो, हे अर्जात स्पष्ट लिहा, आणि पोटनियम दुरुस्तीचा विषय आमसभेत मांडायला लावा.

अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह. पोच का महत्त्वाची? कलम २२ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही, तर अर्जदाराला सभासद करून घेतलं असं मानलं जातं. तुमच्याकडे पोच नसेल तर तीन महिने कधीपासून मोजणार? सचिव अर्जच घेत नसतील तर कलम २३ प्रमाणे अर्ज आणि रक्कम निबंधकांकडे देता येते, ते संस्थेकडे पाठवतात. पुरेसं कारण नसताना पात्र व्यक्तीला नाकारता येत नाही. नाकारलं तर निबंधकांकडे अपील आहे. हे सगळं भांडण करायला सांगत नाही मी. बहुतेक ठिकाणी सचिव आपल्याच गल्लीतला असतो, कुणाचा तरी दीर, कुणाचा भाचा. त्याला चहाला बोलावून सांगितलं तरी अर्धं काम होतं. पण पोच घ्यायचीच, भाचा असला तरी.

एक गोष्ट विधवा ताईंसाठी. सभासद वारल्यावर त्याचा भाग नामनिर्देशित व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावावर होतो, कलम ३० मध्ये ही तरतूद आहे. एका गावात मी रजिस्टर पाहिलं तर सहा वर्षांपूर्वी वारलेल्या काकांचं नाव तसंच होतं, आणि मावशी तोपर्यंत बाहेरूनच मासे विकत घेऊन विकत होत्या. त्यांना माहीतच नव्हतं की तिथे आपला हक्क आहे. ज्यांचे नवरे सभासद आहेत त्यांनी आज घरी विचारा, नामनिर्देशन कुणाचं केलं आहे? विचारायला जड जातं, पण बँकेत आपण विचारतोच ना.

सभासद झाल्यावर कलम ३२ प्रमाणे संस्थेची कागदपत्रं बघता येतात: सभासदांचं रजिस्टर, शेवटचा लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, समितीची यादी. हिशोब वाचायला आपण घाबरतो म्हणे! दर आठवड्याला गटाचं रोकड पुस्तक लिहिणाऱ्या बाईला संस्थेचा ताळेबंद का समजणार नाही? त्यात बघायचं इतकंच की ठेक्याचे किती भरले, बोटुकली किती रुपयांची घेतली, विक्री किती दाखवली. तलाव संस्थेच्या नावावर आणि मासे भलत्याच व्यापाऱ्याच्या गाडीत, असं काही ठिकाणी चालतं. बाजारात बसणाऱ्या बाईच्या ते सगळ्यांत आधी लक्षात येतं, कारण तिला त्या दिवशी माल मिळत नाही.

आता बाई आत गेल्याने काय बदलेल? फक्त संख्येसाठी जायचं असेल तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

लहान मासा कधी काढायचा, हा एक निर्णय. व्यापाऱ्याला रोख लागते, संस्थेला ठेक्याचा हप्ता भरायचा असतो, म्हणून अर्धा किलोचा कटला, रोहू काढून टाकतात. बाजारात बसणारी ताई जाणते की एक किलोच्या वरच्या माशाला किलोमागे भाव किती जास्त मिळतो. दोन महिने थांबलं तर काय फरक पडेल याचा हिशोब तिच्या बोटावर असतो. तो हिशोब आमसभेत कुणी सांगत नाही.

दुसरा निर्णय कोणता मासा ठेवायचा याचा. संस्था बहुतेक कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली आणतात, कारण योजना त्यांच्याच असतात. मरळ आणि इतर देशी मासे मात्र तलावातच वाढतात, त्यांना विकत बीज लागत नाही, पण त्यांना लपायला आणि अंडी घालायला पाणवनस्पती हव्यात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात यावर मोठं काम झालं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि तिथल्या ढिवर समाजाच्या संस्थांनी तलावांतलं बेशरम उपटलं, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परत येऊ लागले. या कामात महिला पुढे होत्या. कोणती वनस्पती कुठे उगवते, कोणता मासा तिच्यात राहतो, हे जाणणाऱ्या बायका त्या समाजात होत्याच, तोवर त्यांना विचारलं नव्हतं इतकंच. आपल्या संघातून एकदा तिकडे अभ्यास सहल काढता येईल का, यावर प्रभागसंघाच्या बैठकीत बोलू.

तिसरा निर्णय सर्वांत कठीण आहे, पाण्याचा. इथे बायकाच काय, पुरुष मच्छीमारांनाही जागा नाही. महाराष्ट्रात २००५चा कायदा आहे, शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करण्याचा. त्याप्रमाणे पाणी वापर संस्था होतात, आणि तिथली सभासदकी लाभक्षेत्रातल्या जमिनीवर ठरते. ढिवराकडे जमीन नसते, किंवा असली तरी लाभक्षेत्रात नसते. म्हणजे धानाला किंवा गव्हाला पाणी कधी सोडायचं हे ठरवणाऱ्या टेबलावर मासे जगवणारा माणूस बसत नाही. शेतकऱ्याचं चुकतं असं मी म्हणत नाही, आपल्या गटांत शेतकरी महिलाच जास्त आहेत. पण तळाला मासे जगतील इतकं पाणी राखायचं की नाही, हा गावाचा प्रश्न आहे आणि त्याची जागा ग्रामसभा आहे. तिथे शेतकरी घरातली ताई आणि ढिवर घरातली ताई एकाच गटाच्या सभासद म्हणून शेजारी बसलेल्या असतात. हे जे आपल्याकडे आहे ते ना संस्थेकडे आहे, ना कार्यालयाकडे.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना आणखी आधार आहे. १९९६च्या पेसा कायद्यात लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतींकडे दिलं आहे, आणि २००६च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांत मासे आणि पाण्यातली इतर उपज स्पष्ट लिहिली आहे. सामूहिक दावा भरताना गावकरी तेंदू, मोहा, बांबू लिहितात आणि मासे विसरतात. विसरू नका.

यादीत नाव असण्याला किती किंमत आहे हे आपल्या जवळच्याच एका खटल्यात दिसतं. रामटेक तालुक्यातला तोतलाडोह जलाशय तुम्हाला माहीत आहे. त्याच्या मध्य प्रदेशाकडच्या भागात, पूर्वी पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात राहणाऱ्या आदिवासींना तिथल्या सरकारने ३०५ मासेमारी परवाने दिले होते. त्याला एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. वाघ आणि जंगल वाचलं पाहिजे हे न्यायालयाने मान्य केलं, पण १९९७च्या निकालात परवाने रद्द केले नाहीत. अटी घातल्या: प्रत्येकाकडे फोटो असलेलं ओळखपत्र हवं, काठावर आग पेटवायची नाही, अशा. म्हणजे मोजून ३०५ परवाने आणि फोटोसह ओळख. ज्यांचं नाव कागदावर होतं त्यांच्याबद्दल तरी न्यायालयात बोलणं झालं. ज्यांचं नाव कुठेच नाही, त्यांच्या पोटाचा विचार कोणत्या अर्जावर होणार?

हा वाद फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. अमेरिकेत १९७६मध्ये समुद्रातल्या मासेमारीसाठी कायदा झाला आणि आठ विभागीय परिषदा बनल्या. किती मासे धरायचे, कधी धरायचे याचे नियम या परिषदा तयार करतात. तिथे पोटासाठी मासे धरणारे वेगळे आणि सुट्टीत हौसेने गळ टाकणारे वेगळे. परिषदेत दोघांना रास्त वाटा मिळाला पाहिजे असं कायद्यातच लिहावं लागलं. कारण साधं आहे, ज्याचा माणूस आत बसतो त्याच्या सोयीने नियम होतात. पैसा, बोटी, शिक्षण सगळं असलेल्या देशातही हे लिहून ठेवावं लागतं, मग आपण पोटनियमाची प्रत मागितली तर त्यात वाईट काय?

योजनांचं थोडक्यात सांगते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२०मध्ये सुरू झाली. तिच्यात लाभार्थी प्रकल्पांना सर्वसाधारण गटासाठी खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के मदत आहे. याचा एक तोटाही आहे. जास्त अनुदानासाठी प्रकल्प बाईच्या नावावर काढतात आणि खातं दुसराच चालवतो. आपल्या नावावर काही निघत असेल तर पासबुक आपल्याकडे ठेवा. अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख रुपये आहेत, पण तिथेही मच्छीमार म्हणून नोंद लागते. पुन्हा तेच रजिस्टर.

आता गटाच्या बैठकीसाठी. हा पाठ वाचून झाल्यावर अर्धा तास चर्चा करा आणि उत्तरं बैठकीच्या रजिस्टरात लिहा. आपल्या गावच्या तलावाचा ठेका सध्या कुणाकडे आहे आणि कधी संपतो? संस्थेत एकूण सभासद किती, त्यांत महिला किती, आणि वारलेल्यांची नावं किती? मागच्या उन्हाळ्यात पाणी कोणत्या महिन्यात संपलं, गेट उघडायचं कुणी सांगितलं? आपल्या गटातल्या किती जणींचं कर्ज मासेमारीशी जोडलेलं आहे? ज्या गावात तलावच नाही त्यांनी बाजाराचा प्रश्न घ्या: मासे विकणाऱ्या ताईंना बसायला ओटा आणि पाणी आहे का, आणि बाजाराची पावती कुणाच्या हिशोबाने फाडतात?

संस्थेची वार्षिक आमसभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. त्यामुळे अर्ज करायचे तर उन्हाळ्यातच करावे लागतील, म्हणजे तीन महिने आमसभेआधी पूर्ण होतात. निवडणूक जवळ असेल तर नव्या सभासदाला मत देता येईल का हे निबंधक कार्यालयात आधीच विचारून घ्या, नंतर हिरमोड नको. अर्जाचा साधा नमुना मी प्रत्येक ग्रामसंघाच्या फाईलमध्ये लावून ठेवते आहे. त्याच्या दोन प्रती काढायच्या, एकीवर पोच. निबंधक कार्यालयात जाताना एकटीने जाऊ नका, तिघी-चौघी जा, आणि मला आदल्या दिवशी फोन करा, मी येते.

तुमची क्षेत्र समन्वयक